मालकाचा फोटो

१९१७ साली तयार झालेल्या एका छोट्या चित्रपटाचे काही तुकडे आजही पाहायला मिळतात. त्यांत देव नाहीत, राक्षस नाहीत, सिंहासन नाही. एक मध्यमवयीन गृहस्थ आहे आणि तो आपल्या कामात गढलेला आहे. तो नटांना काय करायचे ते समजावून सांगतो, फिल्मची पट्टी डोळ्यांसमोर धरून न्याहाळतो. चित्रपट कसा तयार होतो हे लोकांना दाखवणे हाच त्या चित्रपटाचा विषय. त्यात दिसणारे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके.

'राजा हरिश्चंद्र'मुळे दादासाहेब फाळके सर्वांना ठाऊक असतात. १९१७ च्या या चित्रपटाकडे मात्र एक गमतीदार पुरवणी म्हणून पाहिले जाते, आणि तो अन्याय आहे. त्या काळी फाळके म्हणजे नाशिकमध्ये एक छोटा कारखाना चालवणारे आणि भांडवलाच्या शोधात असलेले उद्योजक होते. धंदा नवा होता आणि त्यावर पैसे लावणाऱ्यांचा विश्वास अजून बसायचा होता. अशा वेळी मालकाने स्वतः कॅमेऱ्यासमोर यावे आणि 'हे काम माझे आहे, ते मी असे करतो' हे दाखवावे, याला आज 'पर्सनल ब्रँडिंग' म्हणतात. छोट्या उद्योजकांचे असे फोटो काढणारे फोटोग्राफर आज त्यांना हेच सांगतात की नुसते हसत उभे राहू नका. हातात आपले अवजार घ्या, आपल्या जागेत, आपल्या कामात दिसा. फाळक्यांना ते कोणी सांगावे लागले नाही.

हा धागा त्या फोटोच्या पूर्वपीठिकेचा आहे. व्यापाऱ्याचा, कारागिराचा, दुकानदाराचा चेहरा आपल्या भागात प्रथम कोणी टिपला, कशासाठी टिपला आणि त्या चेहऱ्याखाली नाव कोणाचे लिहिले? यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

छायाचित्र येण्यापूर्वी व्यापारी माणसाची सारी ओळख 'पत' या एका शब्दावर चाले. ही पत नावात, पेढीत आणि ओळख देणाऱ्या माणसांत असे. हुंडीची पद्धत पाहिली की हे नीट कळते. 'धनीजोग' हुंडीची रक्कम हुंडीत नमूद केलेल्या धन्यालाच मिळे. 'शहाजोग' हुंडीची रक्कम 'शहा'लाच, म्हणजे बाजारात प्रतिष्ठा असलेल्या व्यापाऱ्यालाच मिळे. म्हणजे परगावचा अनोळखी माणूस हातात अस्सल हुंडी घेऊन आला तरी त्याला पैसे थेट मिळत नसत. त्याला गावातला एखादा नावाजलेला व्यापारी गाठावा लागे आणि त्याच्यामार्फत हुंडी वटवावी लागे. सुरतेच्या माणसाचे नाव पुण्यापर्यंत कागदावरून जाऊ शके. त्याचा चेहरा मात्र त्याच्याबरोबरच प्रवास करी आणि तो ओळखणारा कोणी पुण्यात असावा लागे.

चेहऱ्याला स्वतंत्र प्रवास करायला लावणे फार थोड्यांना परवडे. चीनच्या व्यापारात संपन्न झालेल्या जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या मुंबईकर शेटांची तैलचित्रे आहेत. पण तैलचित्र म्हणजे चित्रकारापुढे अनेक बैठका, मोठा खर्च आणि शेवटी दिवाणखान्यातील भिंत. बाजारपेठेतील साध्या व्यापाऱ्याचा त्याच्याशी संबंध नव्हता.

१८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरच्या पद्धतीची जाहीर घोषणा झाली आणि काही वर्षांतच कॅमेरा मुंबईत पोहोचला. १८५२ च्या सुमारास विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रजाने ग्रँट रोडवर छायाचित्रणाचा धंदा मांडला. हा मनुष्य आधी सरकारी कचेरीत कारकून होता. ऑक्टोबर १८५४ मध्ये 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या आरंभीच्या सभासदांत होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. त्या वर्गातून बाहेर पडलेले हरिश्चंद्र चिंतामण हे पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवणाऱ्या पहिल्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक झाले.

जॉन्सनने सहकारी विल्यम हेंडरसन याच्याबरोबर १८५६ ते १८५८ या काळात एक मासिक छायाचित्रसंग्रह काढला. त्यात पश्चिम भारतातील पेहराव आणि माणसे यांची मालिकाच होती. त्या साहित्यातूनच पुढे जॉन्सनचा मोठा ग्रंथ तयार झाला. मुंबईत राहणाऱ्या आणि मुंबईत येणाऱ्या 'पौर्वात्य जाती-जमातीं'चा हा ग्रंथ दोन खंडांत निघाला. १८६३ च्या पहिल्या खंडात गुजरात, कच्छ आणि काठेवाडचे लोक आहेत, तर १८६६ च्या दुसऱ्या खंडात महाराष्ट्राचे. भारतातील माणसांविषयीचा, अस्सल छायाचित्रे चिकटवलेला असा हा अगदी आरंभीचा ग्रंथ मानला जातो.

त्यातली चित्रे पाहताना डोळा थोडा अडखळतो. माणसांची सावली एका दिशेला, मागच्या इमारतीची दुसऱ्या. कारण उघड आहे. माणसे एका जागी बसवून टिपली गेली. मग त्यांच्या प्रतिमा कातरून दुसऱ्याच ठिकाणी घेतलेल्या देखाव्यावर बसवल्या आणि त्या जोडचित्राचे पुन्हा छायाचित्र घेतले गेले. ज्या जागेवर ती माणसे उभी दिसतात तिथे ती त्या क्षणी नव्हतीच. दीडशे वर्षांपूर्वीची ही कातरकला कौतुकास्पद आहे यात शंका नाही. चित्रे देखणी आहेत. पागोट्याचा प्रत्येक पीळ, अंगरख्याची प्रत्येक चुणी स्पष्ट दिसते.

पण चित्राखालचा मथळा पाहावा. भाटिया, मेमन, लोहाणा. बस, एवढेच. हे लोक मुख्यतः व्यापारी होते. ग्रंथाचा पहिला खंड निघाला ते १८६३ साल मुंबईच्या इतिहासात कशासाठी प्रसिद्ध आहे, हे या धाग्यांच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले, तिथला कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झालेला आणि खानदेश-वऱ्हाड-गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला. मुंबईतील कापसाचे व्यापारी अल्पावधीत लक्षाधीश होत होते आणि १८६५ मध्ये त्यातले कित्येक तितक्याच वेगाने धुळीला मिळणार होते. ज्या समाजांतील माणसांच्या सह्यांवर त्या काळी लाखोंचे सौदे होत, त्यांच्याच चेहऱ्यांखाली एका शब्दाची जात छापली गेली. नावाला जिथे हुंडीसारखी किंमत होती, तिथूनच नाव गाळले गेले.

यात जॉन्सनचे काही खास वैर होते असे मुळीच नाही. त्याला माणूस हवा नव्हता, नमुना हवा होता. नमुन्याला नाव लागत नाही. उलट नाव दिले तर तो नमुना राहत नाही. १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने निघालेल्या, आठ खंडांच्या 'द पीपल ऑफ इंडिया'चे सूत्रही हेच होते. काही चित्रांत माणसांची नावे येतात, पण ग्रंथाची रचना जातिजमातींचीच आहे. १८५७ नंतर राज्यकर्त्यांना आपली प्रजा कप्पे करून समजून घ्यायची होती, आणि कॅमेरा हे त्या कामाचे सोयीचे साधन होते.

त्याच सुमारास युरोपातून दुसरी एक लाट आली. तिने ही बाजू उलटवायला सुरुवात केली.

१८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी या छायाचित्रकाराने एक पेटंट घेतले. एकाच काचेवर अनेक लहान प्रतिमा घ्यायच्या, कागदावर छापायच्या, कापायच्या आणि भेटकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवायच्या. एका मोठ्या फोटोच्या खर्चात हातात आठ छोटे फोटो. हे 'कार्ट द व्हिझिट' अल्पावधीत जगभर पसरले आणि मुंबईतही रुळले. आता फोटो भिंतीवरून उतरून खिशात आला. तो पत्राबरोबर पाठवता येऊ लागला, नातेवाइकांत वाटता येऊ लागला. ज्या चेहऱ्याला पूर्वी स्वतःबरोबर माणूस न्यावा लागे, तो आता टपालाने जाऊ शकत होता.

स्टुडिओत बसणे हे त्या काळी सोपे काम नव्हते. ओल्या कोलोडियनची पद्धत म्हणजे काच रसायनाने लेपायची, चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी अंधारखोलीत नेऊन प्रतिमा उठवायची. काही सेकंद हलायचे नाही. मान स्थिर राहावी म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावत. बाजूला कोरीव मेज, त्यावर पुस्तक किंवा फुलदाणी, मागे रंगवलेले खांब आणि पडदे. आपल्या दुकानात खांब नाहीत, घरात पुस्तक नाही, हे कोणाला कळणार? त्या काळचे हसू न येणारे, ताठरलेले चेहरे पाहून पूर्वज फार गंभीर होते असा समज होतो. त्यातला बराचसा गंभीरपणा मानेमागच्या लोखंडाचा आहे.

गिऱ्हाईक आता स्वतः पैसे मोजत होते, म्हणून कसे दिसायचे तेही स्वतः ठरवू लागले. हा जॉन्सनच्या ग्रंथापेक्षा फार मोठा फरक होता. पण या कार्डांतही एक गंमत आहे. कार्डाच्या मागच्या बाजूला वेलबुट्टीत स्टुडिओचे नाव, पत्ता, मिळालेली पदके हे सारे थाटात छापलेले असे. पुढच्या बाजूच्या माणसाचे नाव मात्र बहुधा कुठेच नसे. जुन्या बाजारात आजही अशी कार्डे मिळतात. फोटो कोणी काढला ते लगेच समजते, फोटो कोणाचा ते समजत नाही. म्हणजे छायाचित्रामुळे ज्या छोट्या व्यावसायिकाची जाहिरात सर्वांत आधी झाली, तो स्वतः छायाचित्रकारच होता.

चेहरा आणि नाव एकत्र छापून येण्याचा मान आधी बड्यांना मिळाला. सोराबजी जहांगीर यांचा १८८९ चा 'रिप्रेझेंटेटिव्ह मेन ऑफ इंडिया' हा ग्रंथ त्याचे उदाहरण आहे. त्यात राजे, मुत्सद्दी, दानशूर शेट यांचे फोटो आणि चरित्रे दोन्ही आहेत. लाला दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ थाटला तोही अशाच वर्गाच्या भरवशावर. मधल्या आळीतला वैद्य, अत्तरवाला, तपकिरीचा कारखानदार अजून बाहेरच होता. त्याला आत आणणारे तंत्र स्टुडिओत तयार झाले नाही, छापखान्यात झाले. आणि इथे फाळके पुन्हा येतात.

फाळक्यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. आधी मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचे कलाभवन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा मांडला. प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल नेले. ते बडोद्याला परतले आणि तिथे पुन्हा कॅमेरा उभा केला. तिथे वेगळेच संकट आले. कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो, फोटो काढला की आयुष्य घटते, अशी अफवा पसरली आणि गिऱ्हाईक येईनासे झाले. या समजुतीला हसण्याची घाई करू नये. ज्यांचा चेहरा तोवर दुसऱ्यांनीच, दुसऱ्यांच्या कामासाठी टिपला होता, त्यांना कॅमेरा काहीतरी घेऊन जातो असे वाटणे अगदीच निराधार नव्हते.

धंदा बसला. फाळक्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली, ती सोडली आणि १९०८ च्या सुमारास लोणावळ्याला ब्लॉक तयार करण्याचा आणि छपाईचा कारखाना काढला. पुढे तो 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' या नावाने दादरला आला. १९०९ मध्ये यंत्रसामग्रीसाठी ते जर्मनीला जाऊन आले. भागीदारांशी पटेना तेव्हा हाही धंदा सोडला.

ब्लॉक म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगायला हवे. छायाचित्रातला राखाडी रंग छापखान्याच्या शाईला जमत नाही. शाई एक तर उमटते किंवा उमटत नाही. म्हणून छायाचित्र जाळीतून टिपून त्याचे लहानमोठे ठिपके करायचे, ते धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरायचे आणि तो पत्रा लाकडावर ठोकून खिळ्यांच्या ओळींत बसवायचा. हा 'हाफटोन ब्लॉक'. एकदा तो तयार झाला की हजारो प्रती निघत. वर्तमानपत्रांत, मासिकांत, औषधाच्या वेष्टनावर मालकाचा चेहरा येऊ लागला तो या पत्र्यामुळे. ब्लॉक खर्चिक असे, म्हणून एकदा केलेला जपून ठेवत आणि वर्षानुवर्षे वापरत. त्यामुळे जुन्या जाहिरातींतला वैद्यबुवा कधी म्हातारा होत नाही. मुलगा दुकान पाहू लागला, नातवंडे झाली, तरी जाहिरातीत तोच काळ्या मिशांचा, पागोटे घातलेला तिशीचा तरुण.

फाळके स्वतः या दोन्ही तंत्रांचे जाणकार होते. चित्र दाखवल्याशिवाय पैसा उभा राहत नाही, हेही ते अनुभवाने शिकले होते. १९१२ मध्ये इंग्लंडहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी कथाचित्र काढले नाही. कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडेथोडे चित्रण केले आणि कोंब फुटून वेल वाढतानाची एक छोटी फिल्म तयार केली. ती त्यांनी छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्या निवडक लोकांना दाखवली. त्यातूनच 'राजा हरिश्चंद्र'साठी कर्ज उभे राहिले. सावकार पूर्वी पेढीचे नाव पाहून पैसे देत. इथे पडद्यावरचे चित्र तारण ठरले. अर्थात सरस्वतीबाई फाळके यांचे दागिने गहाण पडले ते वेगळेच.

या अनुभवाच्या उजेडात १९१७ चा तो चित्रपट पाहावा. 'लंकादहन' गाजत होते, पण कारखाना वाढवायला पैसा नव्हता. त्याच सुमारास फाळक्यांनी 'नवयुग' मासिकात आपल्या धंद्याची हकीकत लिहिली आणि पडद्यावर स्वतः काम करताना दिसले. १ जानेवारी १९१८ रोजी मुंबईच्या भांडवलदारांना भागीदार घेऊन 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' सुरू झाली. ती भागीदारी त्या एका फिल्ममुळे झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण एकेकाळी बडोद्यात ज्याच्या कॅमेऱ्यासमोर बसायला लोक घाबरले, त्याने पत मिळवण्यासाठी स्वतःलाच कॅमेऱ्यासमोर उभे केले, ही गोष्ट उरतेच.

सगळ्यांनी हा मार्ग धरला नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी चेहऱ्याऐवजी नावावर भर दिला. बेळगावच्या सायकल-दुकानापासून सुरुवात करून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या या कारखानदाराचे आडनाव लोखंडी नांगरावर होते आणि १९२० पासून निघालेल्या 'किर्लोस्कर खबर' या पत्रावरही होते. ते पत्र मुळात कारखान्याची माहिती देण्यासाठी निघाले. संपादक शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकार होते, त्यामुळे त्याला रूपही चांगले मिळाले. मजा अशी की जाहिरातीसाठी जन्मलेले हे पत्र मराठीतले एक प्रमुख मासिक बनले.

छोट्या दुकानदाराला मात्र नाव पुरत नसे, कारण नाव चोरता येते. 'अस्सल', 'खरे', 'मूळचे' असे शब्द लावून शेजारीच दुसरे दुकान उभे राही. १८८९ चा मर्चंडाइज मार्क्स कायदा खोट्या खुणा लावणाऱ्याला शिक्षा करी, पण खुणांची नोंद ठेवणारी व्यवस्था देशात १९४० च्या ट्रेडमार्क कायद्यापर्यंत नव्हती. तोवर व्यापारी निबंधकाच्या कचेरीत आपल्या लेबलाचे घोषणापत्र नोंदवत आणि वर्तमानपत्रात इशारा छापत. अशा परिस्थितीत लेबलावर स्वतःचा फोटो छापणे हा व्यवहारी उपाय होता. ज्याला अक्षर येत नाही असे गिऱ्हाईकही चेहरा ओळखते. बीडीचा कट्टा, तपकिरीची डबी, मलमाची बाटली, मसाल्याचे पाकीट यांवर गोल चौकटीतला मालक आला तो असा. फाळणीत सियालकोट सोडून दिल्लीला आलेल्या धरमपाल गुलाटी यांचा फेटेवाला चेहरा मसाल्याच्या पाकिटावरून घरोघर गेला, तो याच परंपरेचा सर्वांत प्रसिद्ध वारस. आज १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, जिवंत माणसाशी किंवा मृत्यूला वीस वर्षे न झालेल्या माणसाशी खोटा संबंध सुचवणाऱ्या खुणेची नोंदणी करण्यापूर्वी निबंधक त्या माणसाची किंवा त्याच्या वारसांची संमती मागू शकतो. जॉन्सनच्या काळी चेहऱ्याचा मालक कोण, हा प्रश्नच कोणी विचारला नव्हता.

मुंबई, बडोदे, नाशिक यांची ही गोष्ट झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावात ती कशी पोहोचली?

१८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये भिल्लांवर पानेच्या पाने आहेत. पेहराव, दागिने, सण, लग्नाच्या चाली असे सारे आहे. नावे येतात ती प्रामुख्याने इंग्रजांविरुद्ध उठलेल्या नाईकांची. आठवड्याच्या बाजाराला डोंगरातून डिंक, मध, मोहाची फुले घेऊन येणारा माणूस त्यात फक्त 'भिल्ल' आहे. त्याची व्यापारी ओळख सावकाराच्या वहीत होती, आणि ती होती अंगठ्याची. अंगठ्याच्या वरचा मजकूर त्याला वाचता येत नसे. त्यातून हातच्या जमिनी कशा गेल्या, हा १९७० नंतरच्या शहादा चळवळीचा कळीचा प्रश्न होता. अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी तो ऐरणीवर आणला. आपली खूण आपल्याच विरुद्ध वापरली जाऊ शकते, हे या भागाला मुंबईच्या भाटियांपेक्षा फार महाग पडलेले ज्ञान आहे.

स्टुडिओचा फोटो इथे यात्रा आणि तालुक्याचा बाजार या वाटांनी आला. तापीकाठच्या सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातल्या अशा मोठ्या यात्रांत रंगवलेला पडदा टांगून बसणारा फोटोवाला ही परिचित गोष्ट होती. छोट्या गावातील स्टुडिओत माणसे काय मागत, याचा उत्तम पुरावा माळव्यातल्या नागदा या गावातून मिळतो. तिथल्या सुहाग स्टुडिओचे सुरेश पंजाबी यांच्या जुन्या निगेटिव्हांवर मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफर पिनी यांनी काम केले आणि २०१३ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. गावातला तरुण तिथे टेलिफोन कानाला लावून बसतो, जवळ नसलेल्या वस्तूंसह ऐटीत उभा राहतो. आणि अर्जासाठी लागणारा पासपोर्ट आकाराचा फोटोही तिथेच काढतो. पहिल्या फोटोत त्याला हवे तसे दिसायचे असते, दुसऱ्यात कचेरीला हवे तसे.

या दुसऱ्या फोटोने पुढे देशात मोठी मजल मारली, आणि तिची सुरुवात याच नंदुरबार जिल्ह्यात झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला. तो रंजना सोनवणे यांना मिळाला. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळे आणि एक फोटो. सावकाराच्या वहीतला अंगठा आता सरकारच्या यंत्रात गेला, पण त्याच्याबरोबर चेहरा आणि पूर्ण नावही गेले. १८६३ आणि २०१० या दोन फोटोंत साम्य दिसते ते बैठकीत: समोर पाहा, हलू नका, पाठीमागे काही नको. फरक दिसतो तो चेहऱ्याखालच्या नावात.

त्यानंतरचा टप्पा अगदी ताजा आहे. २०१८ मध्ये छोट्या धंद्यांसाठी व्हॉट्सॲपचे वेगळे ॲप भारतात आले. ते मालकाला विचारते: धंद्याचे नाव काय, कुठे आहे, केव्हा उघडे असते, आणि एक फोटो लावा. कळसाडीच्या किराणा दुकानदाराने, शिलाईचे काम करणाऱ्या बाईने किंवा मिरचीच्या व्यापाऱ्याने तिथे कोणता फोटो लावावा हे ठरवायला कोणी जॉन्सन नाही, स्टुडिओचा रंगवलेला खांब नाही आणि आधारच्या केंद्रातला पांढरा पडदाही नाही. त्या गोल चौकटीत बरेच जण देवाचा फोटो लावतात, काही जण मुलांचा. काही जण मात्र तराजूमागे किंवा शिवणयंत्रापाशी स्वतः बसून मुलाला किंवा पुतण्याला फोटो काढायला सांगतात.

जॉन्सनच्या ग्रंथातील चित्रे आता डिजिटल रूपात घरबसल्या पाहता येतात. शोधाच्या चौकटीत 'भाटिया' लिहिले की ते व्यापारी समोर येतात: पागोटी, उपरणी, मागे कुठलीतरी चिकटवलेली इमारत. माणसाचे नाव लिहून त्यांच्यापैकी कोणापर्यंत पोहोचण्याची सोय त्या मथळ्यांनी ठेवलेली नाही.